आडवा कागद

आत्याला भाऊसाहेबांनी चौथ्यांदा मागे सारलं, त्या सकाळी मी तीनदा चहा केला आणि तिन्ही वेळा तो गार करून मोरीत ओतला. बसवेना, उभं राहवेना. आत्या मात्र शिलाई मशीनपाशी बसून कुणाच्या तरी परकराला नाडी ओवत होती. जिचं हृदय थकलंय ती निवांत आणि मी घरभर येरझाऱ्या घालतेय, असा आमच्या घरचा उलटा कारभार.

भाऊसाहेब म्हणजे माणूस नव्हे. पूर्वी आमच्याकडे तलाठ्याला भाऊसाहेब म्हणत. कारभार यंत्रांत गेला, पण हाक तीच राहिली. शस्त्रक्रियांच्या याद्या लावतं तेही यंत्र, म्हणून तेही भाऊसाहेब. "भाऊसाहेबांनी नाही म्हटलं" असं लोक इतक्या सहज सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटावं आत कुणीतरी पान खात बसलंय.

आत्याच्या हृदयाची झडप झिजली होती. आता झडप आयती आणून बसवत नाहीत, रुग्णाच्याच पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवतात. अठरा दिवसांत ती तयार होते आणि त्यापुढच्या चार दिवसांत बसवली नाही तर वाया जाते. म्हणून कुणाची झडप कधी वाढवायला घ्यायची, कुठल्या डॉक्टरच्या हाताखाली कुठला दिवस मोकळा आहे, याचा मेळ आधीच घालावा लागतो. हे काम भाऊसाहेबांचं. आत्याच्या पेशी फेब्रुवारीत घेतल्या. तेव्हापासून चार याद्या लागल्या आणि चारही वेळा शेरा एकच: 'पुढील फेरीत विचार'. डॉक्टर म्हणाले होते, पावसाळ्यापर्यंत थांबू नका. पाचवी यादी शनिवारी सकाळी दहाला बंद होणार होती, आणि त्या दिवशी मंगळवार होता.

आणि मी कोण? तर भाऊसाहेब 'नाही' का म्हणाले, ते तालुक्याला वाचून दाखवणारी बाई. वृषाली माळवदे, परवानाधारक नोंदवाचक, क्रमांक ०४१७. तहसील कचेरीबाहेर करंजाखाली माझं टेबल आहे. त्याच जागी माझे वडील टाइपरायटर घेऊन अर्ज लिहीत. मी आधी याच क्रमांकावर लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायची. मग कायदा आला, की यंत्रानं माणसाला नकार दिला तर कसा विचार करून दिला त्याची अथपासून इतिपर्यंत नोंद त्या माणसाच्या हाती पडली पाहिजे. नोंद हाती पडली, पण वाचणार कोण? तिथं माझं दुकान सुरू झालं.

ही नोंद कशी असते ते सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. यंत्राला मोठा प्रश्न एका झटक्यात सुटत नाही. ते त्याच्या पोटात लहान प्रश्न विचारतं, त्या लहानाच्या पोटात आणखी लहान. दर वेळी आत शिरलं की नोंदीची ओळ चार अक्षरं उजवीकडे सरकते आणि उत्तर घेऊन बाहेर आलं की परत डावीकडे येते. आत्याचीच नोंद बघा.

रत्नप्रभा पतंगे: शस्त्रक्रिया देता येईल का?
    शरीराला झेपेल का?
        रक्त तपासले
        मूत्रपिंड तपासले
    होय
    जोखीम मर्यादेत आहे का?

असं. हे सगळं एकाखाली एक सरळ लिहिलं असतं तर चार हजार ओळींत 'तपासले' आणि 'मिळाले' यापलीकडे काही कळलं नसतं. ओळ किती आत सरकली आहे यावरून कोणी कुणाला विचारलं ते दिसतं. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारे लोक आपल्याच प्रोग्रॅममधली चूक शोधायला ही युक्ती फार पूर्वीपासून वापरत, कायद्यानं ती आमच्या टेबलावर आणली. माझी रीत साधी. आत्याची लाकडी फूटपट्टी डाव्या कडेला उभी धरायची. जो प्रश्न 'होय' घेऊन बाहेर आला तो हातानं झाकून टाकायचा. जो 'नाही' घेऊन आला त्याच्या आत शिरायचं, आणि 'नाही'चा माग काढत जायचं. सगळ्यात आतला 'नाही' खरा. बाहेरचे सगळे त्याचा निरोप सांगत सुटलेले असतात.

आत्याच्या नोंदीत मी चारही वेळा अशीच आत गेले. शरीर, होय. झडप, होय. जोखीम, नाही. जोखमीच्या आत गट, गटाच्या आत गट, असं उतरत तेराव्या पायरीला गुणांक, तो मर्यादेबाहेर. तिथून पुढे दहा-बारा कोऱ्या ओळी आणि मग सरळ परतीचा 'नाही'. म्हणजे काय, तर जोखीम जास्त आहे म्हणून जोखीम जास्त आहे. असल्या नोंदी गेल्या दीड वर्षात माझ्याकडे बऱ्याच आल्या होत्या. त्या कोऱ्या ओळींना आम्ही नोंदवाचक 'यंत्राचा दम' म्हणायचो. जड प्रश्नापाशी यंत्र जरा दम खातं, अशी आमची समजूत. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. एकानं म्हटलं, बाकीच्यांनी माना हलवल्या.

मंगळवारी मी नोंद पुन्हा छापली आणि पानं जमिनीवर मांडून फूटपट्टी घेऊन गुडघ्यांवर रांगत होते. आत्या नाडी ओवायची थांबून बघत होती.

"या मधल्या ओळी कोऱ्या का गं?"

"यंत्र दम खातं तिथं."

"यंत्राला कसला आलाय दम? दम मला लागतोय." ती खुर्चीतून वाकली आणि खरंच तिला धाप लागली. "वृषे, पन्हा कमी पडतोय तुझा. छत्तीस इंची कापडावर चव्वेचाळीसचा झगा बेतायला गेलं की बाही टेबलाखाली जाते. तुझ्या ओळी कागदाखाली गेल्यात. कागद आडवा घाल की."

"नोंद उभ्याच कागदावर काढतात, आत्या. डावीकडे समास, दोन भोकं. तहसीलला तशीच लागते."

"तहसीलला द्यायचीय का तुला वाचायचीय?"

मी वैतागले. चाळीस वर्षं झबली-परकर शिवणाऱ्या बाईनं मला माझा धंदा शिकवावा, म्हणजे कमालच. केवळ तिचं तोंड बंद व्हावं म्हणून मी प्रिंटरमध्ये कागद आडवा घातला.

कोऱ्या ओळी भरून आल्या. एकही ओळ कोरी नव्हती. यंत्र दमबिम काही खात नव्हतं, ते आत आत जात होतं, आणि चौदाव्या पायरीला ओळ इतकी उजवीकडे सरकत होती की आमच्या उभ्या कागदाची कडच संपत होती. वडिलांच्या वेळेपासूनचा उभा कागद, समास आणि दोन भोकं. दीड वर्ष मी कागदाबाहेर गेलेल्या ओळींना दम म्हणत होते.

मी फूटपट्टी टेकवून आत गेले. गुणांकाच्या आत 'नंतरचे सहा आठवडे'. त्याच्या आत 'घरी लक्ष ठेवणारे कोणी'. आणि अगदी शेवटी, उजव्या कडेला:

घरी सोबत कोण?
    पूर्वीचे उत्तर वापरले (गारवा योजना)
        एकटी राहते. कोणी नाही.
        माहिती भरणार: ०४१७
नाही

मी तो आकडा परत परत वाचला. तो माझाच होता, परत वाचून बदलणार थोडाच.

गारवा योजनेचं असं झालं. सहा वर्षांपूर्वीचा उन्हाळा आठवतो ना, कावळे झाडावरून पडत होते तो? त्या वर्षी सरकारनं एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना खोली गार करणारं यंत्र फुकट दिलं. आणि आपण लोक कसे? रेशनकार्ड फोडण्यात पिढ्या गेल्या आपल्या. बाप एका कार्डावर, मुलगा दुसऱ्या, चूल तीच. गारव्यासाठीही तेच झालं. मी तीनशे बारा फॉर्म भरले आणि तीनशे बारा म्हाताऱ्यांना कागदावर एकटं केलं. मग त्या एकट्या म्हाताऱ्याच्या खोलीत मुलगा, सून, नातवंडं, पाहुणे सगळे अंथरुणं टाकून झोपले. आम्ही यावर किती हसलो होतो! लोक मला हुशार म्हणत, आणि मलाही ते पटत होतं.

यंत्र एकदा मिळालेलं उत्तर जपून ठेवतं आणि पुढे कुठल्याही कामाला तेच काढतं. त्याचं काही चुकलं नव्हतं. नवी झडप बसल्यावर सहा आठवडे रक्ताची गाठ होण्याचा धोका असतो. पहिल्या वर्षी एकटी राहणारी माणसं ऑपरेशन नीट होऊनही घरी दगावली, कारण बघायला कुणी नव्हतं. म्हणून तो प्रश्न घातला होता. मी भाऊसाहेब असते तर मीही विचारला असता.

"काय निघालं?" आत्यानं विचारलं.

मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मी तेव्हाच म्हटलं होतं, कोणी नाही असं नको लिहू. तू आहेस की."

म्हटलं होतं तिनं. आणि मी म्हटलं होतं, कागदावरचं कागदावर, आत्या. नवरा गेल्यावर पोटी काही नसलेली ही बाई, माझं लग्न मोडल्यावर मला न विचारता माझी ट्रंक रिक्षातून उतरवून घेणारी. तिच्याच समोर बसून मी 'कोणी नाही' हे बटण दाबलं होतं. मला रडू आलं ते तिच्या आजाराचं नव्हतं.

बुधवारी सहाला कचेरी उघडली तशी मी नायब तहसीलदार बागवान मॅडमच्या टेबलाशी उभी राहिले. उन्हाळ्यात कचेरी सहा ते साडेदहा, नंतर रस्त्यावर कुत्रंही नसतं. मॅडमनी आडवा कागद शांतपणे वाचला.

"दुरुस्ती करता येईल. तुम्ही लिहून द्यायचं की माहिती खोटी होती, तुम्ही त्यांच्यासोबत राहता. दोन तासांत लागेल. पण माळवदेताई, एका क्रमांकाची एक माहिती खोटी निघाली की त्या क्रमांकाच्या सगळ्या उघडतात. ते माझ्या हातात नाही."

"तीनशे बारा."

"गारवा परत घ्यावा लागेल. वैशाखात. आणि तुमचा परवाना जाईल, ते वेगळंच." त्यांनी चष्मा काढला. "शनिवारी दहापर्यंत वेळ आहे. विचार करून या."

करंजाखाली माझ्या शेजारी सदाभाऊ लोंढे मुद्रांक विकतो. त्याला कचेरीतलं पान हललेलं कळतं. मी टेबलाशी पोचायच्या आत त्यानं उपाय तयार ठेवला होता.

"कशाला गावाची झोप मोडता? सोबत-करार करा. पगारी बाई ठेवली म्हणून लिहायचं. माझ्या मेहुणीचं नाव घाला, ती कुठं येतीय बघायला? भाऊसाहेबांना नाव पाहिजे, नाव द्या. सापही मरंल आन काठीही मोडायची न्हाई."

खरं सांगते, मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, हायसं वाटलं. गुरुवारी सकाळी मी कराराचा मसुदा लिहून ठेवला. सही तेवढी राहिली होती. पण हात पुढे जाईना. सवयच वाईट, मला त्या कराराची उद्याची नोंद डोळ्यांपुढे दिसायला लागली. झडप बसल्यावर आत्याच्या छातीवर एक चकती लावणार. काही बिघडलं की चकती यंत्राला कळवणार आणि यंत्र सोबतीला फोन करणार. सोबत कोण? सदाभाऊची मेहुणी. फोन तिला जाणार, तीस किलोमीटरवर. मी शेजारच्या खोलीत असेन आणि यंत्राच्या लेखी मी नसेनच, पुन्हा एकदा.

तेवढ्यात रामदास कोळेकर आला. वडिलांच्या जागी सातबाऱ्यावर वारस लावायचे होते, त्याचे कागद घेऊन. त्याचे वडील, धोंडीरामदादा, मार्गशीर्षात गेले. त्यांचीही झडपच होती, आणि तेही पुढच्या फेरीची वाट बघत होते. त्यांची नोंद मीच वाचली होती. जोखीम जास्त आहे, बाकी काही नाही, असं मीच सांगितलं होतं. उभ्या कागदावरून.

रामदासनं टेबलावर शेंगांची पिशवी ठेवली. "घरच्या हायत, ताई."

"कशाला रे?"

"तुमी निदान वाचून तरी सांगितलंत. न्हाईतर जल्मभर रुखरुख लागली असती, की आमचंच कायतरी चुकलं आसंल."

मी वारसाचा अर्ज भरून दिला. कोळेकरांच्या गारव्याचा फॉर्म मला लख्ख आठवत होता. दादांच्या खोलीत सात माणसं झोपायची, रामदासनंच हसत सांगितलं होतं. मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. तो उन्हात चालत गेला आणि मी त्या शेंगांकडे बघत बसले. मग सदाभाऊच्या देखत कराराचे चार तुकडे केले.

"ताई, गाव तुम्हाला जगू द्यायचं न्हाई," तो म्हणाला.

घरी आत्याला सांगितलं तर ती भडकली. "माझ्यापायी लोकांची म्हातारी उन्हात भाजणार? नको मला तुमची झडप. त्र्याहत्तर वर्षं चाललं की यावर."

"तुझ्यापायी नाही. त्या तीनशे बारांत तुझ्यासारखे आणखी किती आहेत ठाऊक आहे? ते यादीत नाव कधी येतं म्हणून बसलेत, आणि मी त्यांना सांगितलंय की कारण काही नाही."

ती परकर बाजूला ठेवून म्हणाली, "आपला गारवा आधी परत कर. मग लोकांच्या दारात जा."

शुक्रवारी सहा वाजता मी लिहून दिलं. बागवान मॅडमनी वाचलं, सही केली आणि शिपायाकडून मला पाणी मागवलं. शनिवारी दहाला यादी बंद झाली, तेव्हा आत्याचं नाव तिच्यात होतं. तिच्याबरोबर आणखी एकोणीस नावं वर आली, कागदावर एकटी असलेली. ते एकोणीस जण मला कधी भेटायला आले नाहीत. ज्यांचे गारवे गेले ते मात्र बहुतेक सगळे आले.

शिव्या किती खाल्ल्या त्याचा हिशेब नाही. टेबल कुणीतरी मोडून गटारात टाकलं. परवाना गेला. गल्लीतल्या अक्काला उष्माघात झाला, तीन दिवस सलाइनवर होती. तिची सून माझ्या दारात उभी राहून कडाकडा बोटं मोडून गेली, आणि तिचं काय चुकलं? अक्का वाचली म्हणून आज मी हे सांगू तरी शकते आहे. नसती वाचली तर काय केलं असतं, माहीत नाही.

आत्याला झडप बसली. सहा आठवडे मी ओल्या चादरी लावून तिच्या खोलीत बसून काढले. चकतीचा फोन दोनदा वाजला, दोन्ही वेळा किरकोळ कारण होतं, आणि दोन्ही वेळा तो माझ्याच हातात वाजला. सातव्या आठवड्यात ती मशीनवर बसली. मला मात्र अजून बसवत नव्हतं. कुणीतरी यायचं राहिलं होतं.

तो आषाढात एका सकाळी आला. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली जुनी नोंद, दोन भोकं पाडलेली.

"कागद आडवा घेतला की आतलं दिसतंय म्हणं," रामदास म्हणाला. "दादांचं काढा."

"माझा परवाना गेलाय, रामदास."

"परवाना कुणी मागितलाय? वाचा."

त्यानं फोन पुढे केला, नोंद त्यात होती. मी प्रिंटरमध्ये कागद आडवा घातला. पानं जमिनीवर मांडली, फूटपट्टी घेतली आणि मोठ्यानं वाचत आत गेले. शरीर, होय. झडप, होय. जोखीम. गट. गुणांक. नंतरचे सहा आठवडे. तो माझ्या शेजारी उकिडवा बसून बोटानं ओळी धरत होता. सगळ्यात आतली ओळ त्यानं स्वतःच वाचली, अक्षर अक्षर लावत.

"एकटे राहतात. कोणी नाही." तो थांबला. "आमी सात जण होतो की."

"हो."

"ह्यो नंबर कुणाचा?"

"माझा."

मागं मशीन थांबलं. रामदासनं बोट त्या आकड्यावरून काढलं नाही.

"त्या दिवशी ठावं होतं तुमाला? शेंगा दिल्या तवा?"

"होतं."

"खाल्ल्या?"

मी कोनाड्याकडे बघितलं. पिशवी तिथंच होती, गाठसुद्धा त्यानं मारलेलीच. त्यानंही ती बघितली. तो उठून जाईल असं मला वाटलं. मनातून मी तशी इच्छाच करत होते.

"सहीचा अंगठा दादांचा हुता," तो म्हणाला. "गारवा पायजे म्हणून मीच धरून आणलं हुतं त्यास्नी." मग कागदाकडे बघून म्हणाला, "झालं का वाचून?"

"नाही. अजून बाहेर यायचंय."

"मग वाचा."

मी फूटपट्टी उचलली. सोबत, नाही. सहा आठवडे, नाही. गुणांक, नाही. ओळ चार चार अक्षरं डावीकडे येत गेली आणि प्रत्येक पायरीला मी तो 'नाही' मोठ्यानं म्हटला. अगदी डाव्या कडेला धोंडीराम कोळेकर हे नाव होतं. मी ते नाव वाचलं, आणि त्याच्यापुढचा शेवटचा 'नाही' रामदासनं माझ्याबरोबर वाचला.